लघवीची बाटली काळ्या कागदात गुंडाळा: माझ्या पोर्फिरियाच्या निदानाची हकीकत

मला ॲक्युट इंटरमिटंट पोर्फिरिया आहे, म्हणजे शरीरात हीम नावाचा पदार्थ बनताना एका पायरीवर माल अडतो आणि मधूनमधून भयंकर पोटदुखीचे अटॅक येतात असा घराण्यातून येणारा आजार. हे कळायला ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ एवढा काळ गेला. निदान ज्या टेस्टने झालं ती साधी लघवीची टेस्ट आहे, पण ती दुखत असतानाच करावी लागते, बाटली उजेडापासून लपवावी लागते आणि मुळात कुणाच्या तरी डोक्यात ती यावी लागते. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एखाद्या घरात असंच कुणी पोट धरून बसलं असेल आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येत असतील तर त्यांना उपयोग व्हावा.

मी वडगावात राहते, माहेर खानापूर तालुक्यात नंदगडच्या पुढं. घरी शिवणकाम करते, हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. डॉक्टरकीचं शिक्षण काही नाही, खाली जे आहे ते डॉक्टरांना विचारून विचारून आणि फाइल पुन्हा पुन्हा वाचून समजलेलं आहे.

सुरुवात २०२३ च्या नवरात्रात. आमच्यात घट बसतात आणि नऊ दिवस उपवास असतो, दिवसभर पाणी-चहा आणि रात्री थोडं फराळाचं. पाळी मधेच यायची होती म्हणून पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या, बायका घेतातच, मेडिकलमध्ये मिळतात. पाचव्या-सहाव्या माळेला बेंबीभोवती दुखायला लागलं ते असं की बसता येईना, झोपता येईना, भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. उलट्या, पोट साफ नाही, छातीत धडधड. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जवळच्या नर्सिंग होममध्ये ॲडमिट झाले. सोनोग्राफी चांगली, रक्त चांगलं, डॉक्टर पोट दाबून बघायचे तर पोट मऊ. नंतर कळलं की हीच या आजाराची खूण आहे, दुखणं भयंकर पण दाबल्यावर पोट कडक लागत नाही, कारण दुखतात त्या आतड्याच्या नसा. तेव्हा मात्र ॲसिडिटी म्हणून सलाइन लावली, खायला सुरुवात झाली आणि चार-पाच दिवसात मी बरी झाले. सलाइनमधलं ग्लुकोज आणि पोटात गेलेलं अन्न यांनीच मी बरी झाले होते हे आता समजतं.

डिसेंबरात पुन्हा तेच. एन्डोस्कोपी झाली, तीन हजार. सीटी स्कॅन, साडेपाच हजार. मग अपेंडिक्स असेल म्हणून ते काढलं, चाळीस हजाराच्या आसपास गेले. काढलेल्या अपेंडिक्सचा रिपोर्ट नॉर्मल आला, आणि टाके सुकताहेत तोवर पुन्हा पोट दुखायला लागलं. २०२४ च्या जानेवारीपासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पाळीच्या आधीच्या आठवड्यात दुखतं आणि पाळी सुरू झाली की उतरतं. मी कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा करायला लागले. सगळ्यांना सांगावंसं वाटतं की हे करा, दुखलं ती तारीख, पाळीची तारीख, त्या आठवड्यात घेतलेली औषधं आणि उपवास, एवढं लिहा. पुढं ज्या डॉक्टरबाईंनी आजार ओळखला त्यांनी सगळ्यात आधी ते कॅलेंडर मागून घेतलं होतं.

मार्चमध्ये लघवी गडद व्हायला लागली. इन्फेक्शन असेल म्हणून सल्फाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि त्या आठवड्यात तर मी रांगत बाथरूमला जात होते. झोप गेली, रात्र रात्र जागी, कारण नसताना रडू यायचं. एका ठिकाणी सांगितलं की शरीरात काही नाही, मनाचं आहे, टेन्शन कमी करा. ह्यांनी मला कधी दोष दिला नाही, पण घरात आवाज खाली गेला की मला वाटायचं माझ्याबद्दल बोलताहेत. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, यल्लम्माला नवस बोलल्या आणि सौंदत्तीला जाऊन आल्या. त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. दुखणं खरं आहे हे त्यांनी कुठल्याही रिपोर्टच्या आधी मानलं होतं.

मग १७ जुलै २०२४ ची आषाढी. उपवास केला, पाळीच्या आधीचे दिवस होते, पाऊस धो धो. १९ तारखेला ॲडमिट. या वेळी बीपी १६० च्या वर, नाडी १३०, आणि सोडियम ११९. सोडियम एवढं खाली आलं की माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो, मी शिवणाचं माप घेतेय असं काहीतरी बडबडत होते म्हणे. २१ ला रात्री फिट आली. फिट थांबवायला फेनिटॉइन दिलं, जे कुठंही फिटवर देतात, पण माझ्या आजारात ते चालत नाही. दुसऱ्या दिवशी हात वर उचलेनात, केस विंचरता येईनात. तेव्हा ह्यांनी आणि माझ्या भावाने मला बेळगावातल्याच मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. ॲम्ब्युलन्समध्ये भाऊ माझा हात धरून बसला होता आणि मला त्याची पकड कळत होती पण उलटून धरता येत नव्हतं, ती भीती मी शब्दात सांगू शकत नाही.

तिथं मेडिसिन वॉर्डात पीजी करणारी एक तरुण डॉक्टर होती, कलबुर्गीकडची, मराठी येत नव्हती, माझ्याशी हिंदी आणि नर्सशी कन्नड. तिने माझी आधीची सगळी फाइल पलंगावर पसरून वाचली. एका जुन्या लघवीच्या रिपोर्टवर तिने बोट ठेवलं: युरोबिलिनोजेन (पित्तापासून बनणारा पदार्थ) पॉझिटिव्ह, बिलिरुबिन नाही, रक्ताच्या पेशी नाहीत, कावीळ नाही. तो आकडा सगळ्यांनी बघून सोडून दिला होता. तिने सांगितलं की लघवीच्या काही पट्ट्यांवरचं जे रसायन युरोबिलिनोजेन दाखवतं तेच पोर्फोबिलिनोजेनलाही, म्हणजे पोर्फिरियात लघवीतून बाहेर पडणाऱ्या पदार्थालाही, रंग देतं, त्यामुळे पट्टी फसू शकते. मग तिने कॅथेटरच्या पिशवीतली थोडी लघवी एका काचेच्या नळीत काढून खिडकीत ठेवली आणि थोडी अंधारात फ्रिजमध्ये. संध्याकाळपर्यंत खिडकीतली नळी कोकमाच्या आगळासारखी झाली होती, फ्रिजमधली होती तशीच फिकट. पोर्फोबिलिनोजेनला स्वतःचा रंग नसतो, उजेडात आणि हवेत राहिलं की त्याचे रंगीत पदार्थ बनतात. संडासात गेल्या गेल्या लघवी साधी दिसते आणि फ्लश केली की गेली, म्हणून वर्षभर कुणाला, मलाही, नीट दिसलं नाही.

२३ जुलैला कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये तिने स्वतः टेस्ट करून घेतली. एर्लिखचं रसायन लघवीत घातलं की लाल-गुलाबी रंग येतो, पण तो युरोबिलिनोजेनमुळेही येतो, म्हणून पुढं त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवतात. युरोबिलिनोजेनचा लाल रंग खाली क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो, पोर्फोबिलिनोजेनचा वरच्या पाण्यातच राहतो. माझा वरच राहिला. वॉटसन-श्वार्ट्झ टेस्ट म्हणतात, १९४१ पासूनची आहे, आणि तिला लागणारं सामान कुठल्याही मेडिकल कॉलेजात असतं. नंतर चामडीच्या ओपीडीतला वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील उजेडाचा दिवा, आणून खिडकीतल्या नळीवर धरला तर ती अंधारात गुलाबी-लाल चमकली. भावाने मोबाइलवर फोटो काढला, तो माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.

आता हा आजार काय आहे ते मला समजलं तसं सांगते, कारण नातेवाईक अजून विचारतात रक्त कमी आहे का. नाही. माझं हिमोग्लोबिन सगळा वेळ १२ च्या पुढं होतं. हिमोग्लोबिनमध्ये जो हीम असतो तो शरीर आठ पायऱ्यांत बनवतं, प्रत्येक पायरीला एक एन्झाइम. पहिल्या पायरीत ग्लायसिन आणि सक्सिनिल-कोए या दोन पदार्थांपासून एएलए नावाचं रसायन तयार होतं, दुसरीत दोन एएलए मिळून पोर्फोबिलिनोजेन, तिसरीत चार पोर्फोबिलिनोजेन एकापुढं एक जोडले जातात, पुढं त्याची कडी बंद होते आणि बदल होत होत आठव्या पायरीला मधोमध लोह बसतं की झाला हीम. पहिली आणि शेवटच्या तीन पायऱ्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, मधल्या चार बाहेर. बहुतेक हीम हाडांच्या मगजात बनतो, बाकीचा मुख्यतः लिव्हरमध्ये, आणि माझी गडबड लिव्हरमधली आहे. तिसऱ्या पायरीचं एन्झाइम माझ्याकडे अर्धंच आहे. एरवी अर्ध्यात भागतं. पण उपवास घडला, काही ठराविक औषधं पोटात गेली किंवा पाळीच्या आधीचे हार्मोन वाढले की लिव्हर पहिल्या पायरीचं काम एकदम वाढवतं, कारण औषधांचं पचन करणाऱ्या एन्झाइमना हीम लागतो आणि पोटात अन्न नसणं हाही त्या पायरीला जोर देतो. मग तिसऱ्या पायरीवर माल अडतो, एएलए आणि पोर्फोबिलिनोजेन रक्तात साचतात आणि लघवीतून बाहेर पडतात. एएलए नसांना त्रास देतं असं मानलं जातं. आतड्याच्या नसा बिघडल्या की पोटदुखी आणि बद्धकोष्ठ, हृदयाकडच्या बिघडल्या की नाडी आणि बीपी, हातापायाच्या बिघडल्या की ताकद जाते. माझी सगळी वेगवेगळी दुखणी एका पायरीवर येऊन बसली तेव्हा मला रडू आलं, पण ते वेगळं रडू होतं. नर्स म्हणाली, "अक्का, हेदरब्याड्री." घाबरू नका. मी घाबरले नव्हते, त्या वर्षात पहिल्यांदाच घाबरले नव्हते.

डॉक्टरांनी ह्यांच्या फाउंड्रीबद्दलही खोदून विचारलं, तिथं शिसं वितळवतात का, घरात कुणी भस्म वगैरे घेतं का. शिशाच्या विषबाधेतही असंच पोट दुखतं आणि एएलए वाढतं, कारण शिसं दुसरी पायरी अडवतं, पण त्यात पोर्फोबिलिनोजेन वाढत नाही. माझी रक्तातल्या शिशाची टेस्टही केली, ठीक आली.

आता बाटलीचं. रंगाची टेस्ट फक्त आहे-नाही सांगते, किती ते मोजायला सॅम्पल मुंबईच्या लॅबला पाठवायचं ठरलं. इथं खूप लोक अडतात म्हणून सविस्तर लिहिते. लॅबच्या यादीत दोन वेगळी नावं असतात, युरीन पोर्फिरिन (हीमच्या पुढच्या पायऱ्यांतले पदार्थ) आणि युरीन पीबीजी, म्हणजे पोर्फोबिलिनोजेन. काउंटरवर आमचं बुकिंग पोर्फिरिनचं होता होता राहिलं. नुसतं पोर्फिरिन लिव्हरच्या दुखण्यात, दारूमुळे, शिशामुळेही थोडं वाढतं आणि त्यावर हा आजार आहे की नाही ठरत नाही. चिठ्ठीवर पीबीजी, एएलए आणि क्रिएटिनिन असं स्पष्ट लिहून घ्या. चोवीस तासांची लघवी गोळा करायची गरज नाही, एका वेळची चालते, लघवी दाट की पातळ ते क्रिएटिनिनवरून कळतं म्हणून त्याने भागून हिशोब करतात. दुसरं म्हणजे बाटलीत ॲसिड नको. बीपीच्या दुसऱ्या एका टेस्टसाठी ॲसिड घातलेला कॅन देतात, आम्हाला आधी तोच हातात मिळाला होता, पण ॲसिडमध्ये पोर्फोबिलिनोजेन टिकत नाही. तिसरं, उजेड. बाटलीला फॉइल, वरून काळा कागद, लगेच फ्रिज, आणि प्रवास बर्फातून.

आमचं पहिलं सॅम्पल साध्या पारदर्शक बाटलीत गेलं, वाटेत बर्फ वितळला आणि लॅबने नाकारलं. पैसे परत मिळाले पण मधे चार-पाच दिवस गेले, त्या आठवड्यात पाऊस असा की कोल्हापूरकडच्या रस्त्याचा भरवसा नव्हता. तोवर ग्लुकोज सुरू झालं होतं आणि मी सावरत होते, म्हणून मला धास्ती की आता टेस्ट नॉर्मल आली तर पुन्हा मनाचं म्हणतील. डॉक्टरबाईंनी सांगितलं की या प्रकारच्या पोर्फिरियात दुखणं उतरल्यावरही पीबीजी बरेच आठवडे वाढलेलं राहू शकतं, लगेच नॉर्मल होत नाही. पण उलट बाजू लक्षात ठेवा, भर दुखण्यात पीबीजी नॉर्मल असेल तर ती पोटदुखी सहसा या आजाराची नसते, आणि अटॅक येऊन फार दिवस झाल्यावर केलेल्या नॉर्मल टेस्टवर विसंबू नये. दुसऱ्या खेपेला भावाने स्वतः फॉइल गुंडाळलं, थर्माकोलच्या पेटीत भरपूर बर्फ घातला आणि कलेक्शनच्या पोराला पेटी हातात देऊन वर मोठ्या अक्षरात लिहिलं, उजेडात उघडू नये. खर्च सगळा मिळून साडेचार हजार. रिपोर्ट यायला साधारण दीड आठवडा. पीबीजी दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ७० मिलिग्रॅमच्या आसपास, छापलेली नॉर्मल मर्यादा २ च्या खाली.

उपचार रिपोर्टची वाट बघत थांबले नव्हते, रंगाच्या टेस्टच्या संध्याकाळीच सुरू झाले. ग्लुकोज, दिवसाला ३०० ग्रॅमच्या हिशोबाने. माझं सोडियम आधीच खाली असल्यामुळे पातळ ग्लुकोजच्या बाटल्यांवर बाटल्या देता येत नव्हत्या, पाणी वाढलं की सोडियम आणखी पडतं, म्हणून मानेतल्या शिरेत लाइन घालून दाट ग्लुकोज दिलं आणि सोडियम हळूहळू वर आणलं. फेनिटॉइन बंद करून लेव्हेटिरासिटाम हे फिटचं दुसरं औषध दिलं. दुखण्यावर मॉर्फिन, ते या आजारात चालतं. हेमिन नावाचं इंजेक्शन हा याच्यावरचा खास उपाय आहे, बाहेरून हीम दिला की लिव्हर पहिली पायरी आवरतं घेतं, पण ते तिथं नव्हतं, बाहेरून मागवायचं तर वेळ आणि लाखांतला खर्च सांगितला. कागदपत्रं तयार ठेवली होती. गरज पडली नाही, पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुखणं उतरत गेलं. हातांची ताकद यायला मात्र दिवाळी आली. फिजिओथेरपीला रोज जायची, आधी कात्री धरता आली, मग मशीनचं पायडल, मग काज-बटण.

खर्चाचं सांगते. ह्यांचं ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे म्हणून हे जमलं. इमर्जन्सीत ॲडमिट झाल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊ डिस्पेन्सरीत जाऊन कळवून आला आणि रेफरल घेऊन आला, ते लवकर केलंत तर पुढचं सोपं जातं. ॲडमिटचा खर्च त्यातून झाला, बाहेर पाठवलेल्या टेस्टचे पैसे आधी खिशातून आणि मग क्लेम. क्लेमला मूळ बिलं, डिस्चार्ज समरी, टेस्ट का लागली त्याची डॉक्टरांची चिठ्ठी आणि इसेन्शियालिटी सर्टिफिकेटवर, म्हणजे हे उपचार गरजेचे होते अशा दाखल्यावर, सही-शिक्का लागतो. सही डिस्चार्जच्या दिवशीच घ्या, पीजी डॉक्टरांची पोस्टिंग बदलते आणि मग त्यांना शोधत फिरावं लागतं. माझ्या आधारवर सासरचं आडनाव आणि ईएसआयच्या कार्डावर वेगळं स्पेलिंग होतं, कन्नडमधून इंग्लिशमध्ये येताना एक अक्षर बदललेलं, ते दुरुस्त करून घेण्यात महिना गेला. फॉर्म कन्नडमध्ये असतील आणि लिहायला जमत नसेल तर सरळ सांगा, मला काउंटरवरच्या एका सरांनी स्वतः भरून दिला. पैसे फेब्रुवारीत जमा झाले, सगळे नाही पण बरेचसे. डिस्चार्ज समरीवर आजाराचं पूर्ण नाव इंग्लिशमध्ये आहे का ते घरी निघायच्या आधी बघा, माझ्या पहिल्या कागदावर नुसतं पोटदुखी आणि सोडियम कमी एवढंच होतं, ते बदलून घेतलं.

ऑगस्टमध्ये पुढची पायरी, कुठला पोर्फिरिया. तीव्र पोटदुखीचे अटॅक देणारे प्रकार एकाहून जास्त आहेत आणि पीबीजी त्यात सारखंच वाढलेलं दिसू शकतं. त्यासाठी शौचाचं सॅम्पल आणि रक्ताच्या प्लाझ्माची प्रकाशाखालची टेस्ट झाली. व्हॅरिगेट प्रकारात प्लाझ्मा ६२६ नॅनोमीटरच्या जवळ चमकतो आणि शौचात पोर्फिरिन वाढतं, कोप्रोपोर्फिरिया नावाच्या प्रकारातही शौचात वाढतं. माझं शौच नॉर्मल, उन्हात गेल्यावर कातडीला फोड कधी नाहीत, म्हणजे ॲक्युट इंटरमिटंट. रक्तातल्या पेशींत तिसऱ्या पायरीच्या एन्झाइमचं प्रमाण मोजायचीही टेस्ट असते पण काही पेशंटमध्ये ते नॉर्मलच दिसतं, म्हणून डॉक्टरांनी सरळ जीनची टेस्ट सांगितली. ते एन्झाइम बनवणारा एचएमबीएस नावाचा जीन, अकराव्या क्रोमोसोमवर. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त, सोळा हजार रुपये, पाच आठवडे. सप्टेंबरच्या शेवटी रिपोर्ट आला, दोनपैकी एका प्रतीत बिघाड. त्या दिवशी हे कामावरून लवकर आले आणि आम्ही कुणाशी न बोलता चहा करून प्यायलो, खूप दिवसांनी घरात शांत वाटलं.

पण जीनचा रिपोर्ट आला की तो घरातल्या सगळ्यांचा होतो. आई-वडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. घरच्यांना सगळा जीन तपासावा लागत नाही, माझ्यात सापडलेली जागाच बघतात, म्हणून खर्च कमी, आम्हाला माणशी साडेतीन हजार पडला. नोव्हेंबरात आई आणि भाऊ दोघांची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आई आयुष्यभर प्रत्येक एकादशी करत आली, तिला कधी पोटदुखी नाही. बिघाड असलेल्या बहुतेकांना आयुष्यात अटॅक येतच नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि बायकांना वयात आल्यानंतर जास्त येतो. आई रिपोर्ट ऐकून गप्प झाली आणि मग आपल्या धाकट्या बहिणीबद्दल बोलली. माझी ती मावशी १९९० च्या सुमाराला बाळंतपणानंतर पोटदुखीने आणि मग हातपाय गळून गेली, बाळंतवायू म्हणाले होते. तिचं काय होतं हे आता कुणी सांगू शकणार नाही. आई मात्र त्या दिवशी तिच्याबद्दल रात्री उशिरापर्यंत बोलत राहिली, मी तिचं नाव घरात एवढ्या वेळा कधी ऐकलं नव्हतं.

आता मी काय पाळते. उपवास नाही, एकही नाही. हे सोपं गेलं नाही, आषाढी सोडायची म्हणजे मला कसंतरीच झालं, पण आत्यांनी स्वतः सांगितलं की तुझा उपवास मी धरते, तू जेव. पर्समध्ये ग्लुकोज पावडर आणि गुळाचा खडा असतो, लग्नाकार्यात जेवायला उशीर होणार असेल तर घरून खाऊन निघते. वजन कमी करायचं डाएट, केटो वगैरे अजिबात नाही. दारू नाही, सिगरेटचा प्रश्नच नाही. पाळी ढकलायच्या गोळ्या कायमच्या बंद. कुठलंही औषध घ्यायच्या आधी बघायचं, नॉर्वेच्या पोर्फिरिया केंद्राने चालवलेला औषधांचा डेटाबेस ऑनलाइन आहे, औषधाच्या कंपनीचं नाव न घालता मूळ घटकाचं नाव घालून शोधायचं. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, सल्फा, रिफॅम्पिसिन ही माझ्या यादीत लाल रंगात आहेत, पॅरासिटामॉल आणि पेनिसिलीन हिरव्यात. यादी कन्नड आणि इंग्लिश दोन्हींत छापून लॅमिनेट केली, एक पर्समध्ये, एक ह्यांच्या पाकिटात, एक आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे. त्यांनी ती टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. वर्षातून एकदा बीपी, किडनी आणि लिव्हरची तपासणी, पन्नाशीनंतर लिव्हरची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करायला सांगितलीय, कारण या आजारात उतारवयात लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

अटॅक त्यानंतर एकदा आला, जानेवारी २०२५ मध्ये, तापाच्या साथीत जेवण तुटलं तेव्हा. या वेळी आम्ही थांबलो नाही, फाइल आणि यादी घेऊन त्याच दिवशी गेलो, पोचल्या पोचल्या लघवीची बाटली फॉइलमध्ये घालून दिली, ग्लुकोज लागलं आणि आठवड्याच्या आत घरी.

फेब्रुवारीत भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याला कधी काही झालेलं नाही, पण टेस्ट पॉझिटिव्ह. आम्ही आधीच भूलतज्ज्ञांना जाऊन भेटलो, त्यांनी यादी नीट वाचली, थायोपेंटोन देणार नाही, प्रोपोफोल देऊ म्हणाले. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तोही याच्यासाठी उपवासच, म्हणून रात्रीपासून ग्लुकोजची सलाइन लावली आणि सकाळचा पहिला नंबर त्याचा घेतला. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, वयात यायच्या आधी तिची टेस्ट करून घ्या असं सांगितलंय, मेच्या सुट्टीत तिचं रक्त द्यायचं ठरवलंय.